मंडळाचा लॅपटॉप: उत्तर आजच हवंय

मीनल (पुण्याहून):
मंडळी, तापकीर गल्लीत कॉम्प्युटरच्या दुकानात उभी आहे. लॅपटॉपचं झाकण उघडलंय. आत जुनी फिरती हार्ड डिस्क, ४ जीबीची एकच रॅम (मेमरीची पट्टी), शेजारचा स्लॉट रिकामा. पंख्यात तर वाती वळाव्यात एवढी धूळ! तिच्या जागी एसएसडी (न फिरणारी, वेगवान डिस्क) टाकायची हे ठरलंच आहे. अडलंय रॅमवर. आतल्या पट्टीवर 'पीसी३एल' छापलंय, दुकानदार साधी डीडीआर३ रॅम देतोय. "चालतंय हो ताई" म्हणतो. घेऊ का?

अनिरुद्ध:
अजिबात घेऊ नकोस. एल म्हणजे १.३५ व्होल्टची, साधी १.५ ची. आपला प्रोसेसर इंटेलचा आय-५, चौथ्या पिढीचा आहे, साधी लावून बहुतेक सुरूच व्हायचा नाही. एलवालीच माग, ८ जीबी. एसएसडी २.५ इंची, साटा जोडणीची, ७ मिमी जाडीची. आणि ४८० जीबीची घेतलीस तर जुनी डिस्क ५०० ची आहे हे दुकानदाराला आधीच सांग. पार्टिशन (डिस्कचा कप्पा) लहान केल्याशिवाय क्लोन, म्हणजे हुबेहूब नक्कल, व्हायचं नाही.

खजिनदार:
'ठरलंच आहे' कुठल्या मीटिंगमध्ये? दिवाळीनंतर 'बघू' म्हणालो होतो. त्यातल्या विंडोज १० चा सपोर्ट, म्हणजे सुरक्षेचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप लागते. चार आण्याची कोंबडी नि बारा आण्याचा मसाला!

अनिरुद्ध:
काका, मग विंडोजऐवजी लिनक्स मिंट टाकू. फुकट आहे. आरती दाखवायला आणि गाणी वाजवायला आणखी काय लागतं?

साउंडवाला दीपक:
साउंड-प्रोजेक्टर माझ्याकडे आहे, मला विचारल्याशिवाय लिनक्स नको. आरतीच्या स्लाइड जुन्या श्रीलिपी फॉन्टमध्ये आहेत. मागे कुणीतरी त्या स्वतःच्या लॅपटॉपवर लावल्या, फॉन्ट नव्हता, 'सुखकर्ता'च्या जागी इंग्रजी अक्षरांची खिचडी. लोक तरीही म्हणत होते, पाठ होती म्हणून. आहे तसं क्लोन करा, हॉलमध्ये नेटला जोडू नका, झालं.

अनिरुद्ध:
युनिकोडमध्ये टाइप करून घ्या की एकदाचं, कुठल्याही लॅपटॉपवर मराठी दिसेल. किती वर्षं ऐकतोय.

दीपक:
कर ना तू. फाइल पाठवतो.

सुधामावशी:
मीनल, तिथे आहेसच तर तुळशीबागेतून झांजांचा एक जोड आण गं. आपल्यातल्या एकीची दोरी तुटलीय आणि दुसरीला चीर गेलीय. वाजवून बघून घे, बारीक आवाजाच्या नको.

खजिनदार:
झांजा सांस्कृतिकच्या बजेटमधून.

मीनल:
एलवाली रॅम दोन दुकानं सोडून मिळाली. लावून बघितली, १२ जीबी दाखवतोय. पंखा साफ झाला, क्लोन चालू आहे. जुनी डिस्क दुकानात ठेवत नाहीये, सभासदांचे पत्ते आहेत तिच्यात. तुळशीबागेत जातेच आहे मावशी. काका, बिल मंडळाच्या नावावर करू की माझ्या? दुकानदार पेन घेऊन बसलाय.