नायक घरी परतल्यावर कथेचं वजन कशात ठेवायचं?

दर्याकाठ (हर्णै)

दोन वर्षं झाली, मराठीतून फॅनफिक (सिनेमा-पुस्तकातली पात्रं घेऊन आपण रचलेल्या कथा) लिहितेय. बहुतेक टोनी स्टार्कवरच. २०१९ साली 'अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम' पाहिला त्या रात्री मला जेवण गेलं नव्हतं, आणि ते दुःख अजून पुरतं गेलेलं नाही. सिनेमात टोनी चुटकी वाजवून विश्व वाचवतो आणि त्यातच मरतो. म्हणून माझ्या कथेत चुटकी वाजवल्यावर तो मरत नाही. उजवा हात जातो. तो तळ्याकाठच्या घरी येतो, बायको पेपर आहे, लेक मॉर्गन आहे, आणि पुढे घरच.

चौदा प्रकरणं झाली. अकराव्यापर्यंत वाचक होते, बाराव्यापासून गळाले. एकाने लिहिलं, "ज्याने विश्व वाचवलं त्याला तू भांडी घासायला लावलीस. नायक घालवलास."

हे मला मान्य नाही. सिनेमातच तो भांडी विसळतो! पाणी उडतं, शेजारच्या फोटोंवर पडतं, तो पुसायला जातो आणि हातात पीटरबरोबरचा, म्हणजे त्याने गमावलेल्या पोराबरोबरचा, फोटो येतो. पुढचं सगळं तिथून सुरू होतं. मग भांड्यांनी तो लहान कसा झाला?

पण त्या वाचकाचं एक खरं आहे. माझी शेवटची तीन प्रकरणं अळणी झालीत. मॉर्गन हसते, पेपर हसते, तो हसतो. दोघं पडदे आणायलासुद्धा जातात (आपल्यात त्याला कर्टनफिक म्हणतात, आणि मला तो प्रकार मनापासून आवडतो), पण दुकानात काही घडतच नाही. नवा खलनायक आणायचा नाहीये. त्याने पुरेसं लढून झालंय.

माझे बाबा तांडेल, मासेमारी बोटीचे प्रमुख. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा बोट आंजर्ल्याच्या खाडीत शाकारलेली आणि बाबा घरी. पडवीभर जाळं पसरलेलं, एक टोक पायाच्या अंगठ्यात ताणून धरलेलं, हातात सुई, आणि माझा भाचा त्याच जाळ्याच्या ढिगात झोपलेला. वादळातून बोट बंदराला लावणारा माणूस तोच. पडवीत बसला म्हणून तो मला कधी कमी वाटला नाही. हे मला रोज डोळ्यांसमोर दिसतं, पण टोनीच्या घरात उतरत नाही. तुम्ही कसं करता?

कातळशिल्प

तुमची कथा वाचतो, आवडतेही. पण मी टोनीला जाऊच देतो. घर होतं, लेक होती, हरवण्यासारखं सगळं होतं, आणि तरी त्याने चुटकी वाजवली. त्याला परत आणलं की तो क्षण हलका होतो. शेरलॉक होम्स १८९३ साली धबधब्यावर संपला आणि १९०३ साली परत आला. परत आल्यावरच्या कथा मी आवडीने वाचल्या, पण त्याचा मित्र वॉटसन याला सिगारेटच्या डबीखाली सापडलेली ती निरोपाची चिठ्ठी पुन्हा पहिल्यासारखी लागली नाही. आणायचंच असेल तर दारातल्या भेटीवर थांबा.

दर्याकाठ (हर्णै)

दारात थांबणं मला जमणार नाही. होम्स म्हातारपणी ससेक्सला मधमाश्या पाळतो, ते मला धबधब्याहून जास्त जवळचं आहे. आणि टोनीने हात दिलाय हो. मोजताना फक्त मरणच का धरायचं?

माजघर (कुडाळ)

दारात थांबू नकाच. गेलेल्याला परत आणणं आपल्याकडे नवीन नाही. रामायणाच्या उत्तरकांडात सीता धरणीच्या पोटात जाते. आठव्या शतकात भवभूतीने 'उत्तररामचरित' लिहिलं आणि शेवटी तिला रामाजवळ आणून बसवलं. मी ते पहिल्या अंकासाठी पुन्हा पुन्हा वाचते. लंका जिंकून झालीय. दोघं घरात बसून आपल्याच वनवासाची चित्रं बघतायत. ती गरोदर, बघता बघता दमते आणि त्याच्या हातावर डोकं ठेवून झोपते. तेवढ्यात रामाचा हेर दुर्मुख येऊन लोक काय बोलतात ते सांगतो. ती झोपलेली असताना त्याला ते ऐकायचंय, ठरवायचंय, आणि ती जागी व्हायच्या आत उठायचंय. उठताना तो तिच्या पायांवर डोकं टेकवतो. रावण केव्हाच मेलाय. तरी सगळ्या युद्धकांडाला नाही एवढा माझा जीव त्या एका खोलीत घुसमटतो.

आता घरचं सांगते. माझे मामा दशावतारात राजपार्ट, म्हणजे राजाची भूमिका, करायचे. दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, बोलणं ज्याचं त्याने उभ्या उभ्या रचायचं. पहाटे दहीकाला होऊन खेळ संपला की मामा घरी यायचे, खोबरेल लावून रंग पुसायचे. भुवयांचं काळं काही निघायचं नाही. तशाच तोंडाने गोठ्यात. आजी म्हणायची, जरा पड. ते म्हणायचे, "राजा झालंय म्हणान म्हशीचा दूध कोण काढतलो?" आणि हे सुद्धा त्याच भरदार आवाजात. म्हशीशी बोलायचे तेही त्याच आवाजात, आणि ती त्या आवाजालाच पान्हा सोडायची.

तुमचं बारावं प्रकरण मी दोनदा वाचलं. त्यात टोनी यंत्रांशी बोलत नाही, कुणाला टोमणा मारत नाही, एकही वस्तू उघडून बघत नाही. नुसता चांगला वागतो. भांड्यांचा काय दोष? त्याचा आवाज तुम्ही काढून घेतलाय.

शिडाचं घर (गुहागर)

माझा नवरा बोटीवर असतो, चीफ ऑफिसर. पहाटे चार ते आठ त्याची वॉच, म्हणजे पहाऱ्याची पाळी. सहा महिन्यांनी घरी आला की पहिले पंधरा दिवस साडेतीनला उठतो. स्वयंपाकघरात दिवा लावत नाही, कारण रात्री ब्रिजवर, जिथून बोट चालवतात तिथे, अंधार ठेवतात. अंधारातच चहा ठेवतो. मला कपाचा आवाज येतो. मी जागी आहे हे त्याला कळू देत नाही, कारण कळलं तर त्याला वाईट वाटेल.

गेल्या खेपेला मुलाने विचारलं, "बाबा, तुम्ही परत कधी जाणार?" त्याला फक्त पलंगावरची आपली जागा हवी होती. नवरा हसला, पण त्या दिवशी दुपारी त्याने घरातले सगळे नळ खोलून वॉशर बदलले. जे गळत नव्हते तेही.

आम्ही सुखात आहोत, अगदी खरंच. पण घराने त्याच्याशिवाय चालायची सवय केलेली असते आणि ती माझ्याही अंगात असते. गॅस संपला तर मी त्याला सांगायचं विसरते, स्वतःच नंबर लावते. एक प्रकरण पेपरच्या बाजूने लिहा ना. सिनेमात त्याला तीच विचारते, हे सगळं सोडून तुला स्वस्थ बसवेल का? तुमच्या कथेत तो आता बसलाय. तिला बसवतंय का?

दर्याकाठ (हर्णै)

माजघर, बारावं प्रकरण आजच काढून टाकलं. तुम्ही म्हणता तसंच झालं होतं. मला त्याची इतकी काळजी वाटत होती की मी त्याला आजाऱ्यासारखं जपत बसले. शिडाचं घर ताई, तुमचे नळ मला रात्रभर पुरले.

संध्याकाळी बाबांना म्हटलं, उजवा हात पाठीमागे ठेवून जाळ्याची एक गाठ मारून दाखवा. त्यांनी का म्हणून विचारलं नाही. सुई डाव्या हातात, दोरा दातात, जाळं अंगठ्यात. गाठ सुटली. पुन्हा सुटली. तिसऱ्यांदा त्यांनी दोऱ्याला अशी शिवी घातली की आई आतून ओरडली. मग भाच्याने आपणहून गाठीवर बोट ठेवलं आणि बाबांनी ती त्याच्या बोटासकट आवळली.

नवं बारावं असं सुरू होतं : पहाट, दिवा नाही, टोनीने टोस्टर खोलून ठेवलाय. बिघडलेला नव्हता. तो त्याच्याशी भांडतोय, मॉर्गन तार धरून उभी आहे. पेपर दारात आहे आणि आत येत नाही. ती का येत नाही ते तेराव्यात, तिच्याच तोंडून. रविवारी टाकते. कातळशिल्प, तुम्हीही वाचा.