42 कळांच्या कळफलकावर इनस्क्रिप्ट : ॉ, ृ आणि भाषाबदलाच्या कळीबाबत मदत हवी आहे

नमस्कार. मी मराठी मजकुराचे टंकन आणि मुद्रितशोधन करते. मनगटे दुखू लागल्यामुळे दोन भागांत विभागलेला मेकॅनिकल कळफलक बांधला असून त्याच्या प्रत्येक भागात तीन ओळी, सहा स्तंभ आणि अंगठ्यासाठी तीन कळा आहेत. क्यूएमके हे फर्मवेअर (कळफलकाच्या आत चालणारी, प्रत्येक कळीचे काम ठरवणारी प्रणाली) व्यवस्थित चालते. अडले आहे ते मांडणीपाशी.

कामाच्या ठिकाणी साधाच कळफलक वापरावा लागत असल्याने बोटांत बसलेले इनस्क्रिप्ट (देवनागरी टंकनासाठीची प्रमाणित कळमांडणी) मला मोडायचे नाही. कळफलक संगणकाकडे अक्षर न पाठवता कळीचा संकेतांक पाठवतो आणि अक्षर ऑपरेटिंग सिस्टिम ठरवते, त्यामुळे फर्मवेअरमध्ये फक्त जागा बदलणे पुरेसे आहे. बॅकस्पेस अंगठ्याकडे नेल्यावर ड आणि ट आपापल्या जागी राहिले. ॉ मात्र उजव्या खालच्या कोपऱ्यात न्यावा लागला. 'डॉक्टर', 'ऑफिस' लिहिताना करंगळी अजून चुकते. याहून बरी जागा कोणी योजली आहे का?

आकड्यांची ओळच नसल्याने ृ बेघर झाला. त्यासाठी पायमोड (्) आणि ि या शेजारच्या कळा एकदम दाबण्याचा कॉम्बो केला आहे. मराठीत ही दोन चिन्हे एकमेकांना लागून येत नाहीत, त्यामुळे भरभर लिहितानाही तो चुकून लागत नाही, आणि ही सोय मला फार आवडली आहे. शिफ्ट दोन्ही अंगठ्यांना दिली आहे, कारण 'आणि' हा शब्द पूर्णपणे डाव्या हाताचा असून त्यातील आ आणि ण या दोघांनाही शिफ्ट लागते, तर ळ उजव्या हाताला येतो. येथे शिफ्ट धरून ठेवणे सोयीचे, की एकदा दाबून सोडली तरी पुढच्या एका कळीपुरती लागू राहणारी वन-शॉट शिफ्ट?

सर्वांत मोठी अडचण भाषाबदलाची आहे. ृ चा कॉम्बो फक्त मराठीच्या लेअरवर (फर्मवेअरमधील कळांच्या मराठीसाठीच्या संचावर) हवा, पण संगणकावर कोणती भाषा चालू आहे हे फर्मवेअरला कळत नाही. भाषा आणि लेअर एकदम बदलणारी एकच कळ मी केली आहे. मात्र माउसने भाषा बदलली की दोघांची फारकत होते. विंडोजमध्ये प्रत्येक भाषेला स्वतंत्र शॉर्टकट देता येतो, त्यामुळे मराठी आणि इंग्रजीसाठी दोन वेगळ्या कळा ठेवण्याचा विचार आहे, परंतु त्यासाठी अंगठ्याची आणखी एक कळ खर्ची पडेल. ज्यांनी अशी रचना रोजच्या कामात वापरली आहे, त्यांनी आपला कीमॅप (कोणत्या कळीला कोणते काम दिले याची यादी) येथे दिल्यास आभारी राहीन.