रद्दी थांबवा! (अकरावी-बारावी गणिताची जुनी पुस्तकं)

डी-१०४ देशपांडे वहिनी: उद्या दहाला रद्दीवाला येतोय. आमच्या ताईची सीबीएसई अकरावी-बारावीची गणिताची पुस्तकं आहेत, २०२१ ची. कव्हरं घातलेली, पेन्सिलीच्या खुणा आहेत फक्त. कोणाला हवीत का?

ए-२०३ साळवी काका: वहिनी, द्या सरळ रद्दीत. जुन्या अकरावीत १६ धडे होते, आता १४. इंडक्शन आणि मॅथेमॅटिकल रिझनिंग काढलं, त्यामुळे पुढचे सगळे नंबर सरकले. गेल्या वर्षी आमच्या चिरंजीवांना क्लासमध्ये ‘सातवा धडा करून या’ सांगितलं. हा चुलत भावाचं जुनं पुस्तक घेऊन रात्री १२ पर्यंत पर्म्युटेशन-कॉम्बिनेशन करत बसला. नव्यात सातवा बायनॉमिअल थिअरम!

सी-४०१ गोखले आजोबा: काढलं ते उत्तमच. पोरांना लिफ्टमध्ये ‘काय म्हणतोस’ विचारलं तर उत्तर द्यायला वेळ नसतो.

बी-६०२ शिंदे मॅडम: आजोबा, ओझं सीबीएसईचं उतरलं. त्यांच्या बारावीतून प्लेन (समतल), टँजंट-नॉर्मल (स्पर्शिका-अभिलंब), रोल आणि लग्रांजचे थिअरम, बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशन हे सगळं २०२२-२३ पासून गेलं. आपल्या स्टेट बोर्डानेही २०२०-२१ ला २५ टक्के कापलं होतं, पण ते कोविडपुरतं. २०२३ च्या बारावीच्या परीक्षेला पूर्ण अभ्यासक्रम परत आला. म्हणजे तिकडे जे गेलं ते बालभारतीच्या पुस्तकात जागच्या जागी आहे. आणि राज्यातल्या इंजिनीअरिंग प्रवेशाची एमएचटी-सीईटी निघते बालभारतीवरून. गणिताचे ५० प्रश्न, १०० गुण, त्यातले ४० प्रश्न बारावीचे.

ए-५०४ कदम ताई: मॅडम, हे आम्हाला कधी कळलं माहितीये? एप्रिलमध्ये! मुलगी सीबीएसईची, बोर्डाचा पेपर छान गेलेला. सीईटीचा सराव पेपर लावला आणि वीस मिनिटांत बाहेर आली. ‘आई, प्लेन आम्हाला नव्हतंच.’ क्लासवाल्यांना फोन केला तर म्हणे जेईई मेनला नाही म्हणून घेतलं नाही. दोन वर्षांची फी भरली होती हो. सीईटीचा फॉर्म पण त्यांनीच भरायला लावलेला.

बी-६०२ शिंदे मॅडम: मेनमधून २०२४ पासून प्लेन गेलं हे खरं. आयआयटीसाठीच्या जेईई अ‍ॅडव्हान्स्डला मात्र आहे. क्लासवाले एकच यादी धरून बसतात आणि मुलं फॉर्म भरतात तीन परीक्षांचे.

ए-२०३ साळवी काका: मग आता? आमचा यंदा बारावीला, सीबीएसईच. सीईटी देणार आहे.

बी-६०२ शिंदे मॅडम: मग वहिनींची पुस्तकं तुम्हीच घ्या की! बारावीच्या जुन्या भाग २ मध्ये प्लेन आणि बायनॉमिअल डिस्ट्रिब्युशन, भाग १ मध्ये टँजंट-नॉर्मल. भाषा ओळखीची, मुलाला जड जाणार नाही. पेअर ऑफ स्ट्रेट लाइन्स आणि लॉजिक मात्र त्यात मिळणार नाही. ते बालभारतीच्या बारावीच्या भाग १ मधून. पीडीएफ फुकट आहे त्यांच्या साइटवर. गणितं मात्र वहीत सोडवून घ्या, मोबाइलवर नुसतं वाचून होत नाही.

सी-४०१ गोखले आजोबा: लॉजिक शिकवतात? आमच्या वेळी ते घरी शिकवायचे, कान धरून.

बी-६०२ शिंदे मॅडम: ट्रुथ टेबल असतं त्यात. ‘पाणी आलं तर टाकी भरते’ हे विधान खोटं कधी? पाणी आलं आणि तरी टाकी भरली नाही, तेव्हाच. पाणी आलंच नाही तर विधान खरंच राहतं.

सेक्रेटरी (बी-१०१): बघा! मंगळवारी मी तेच सांगत होतो. पाणी आलंच नव्हतं.

ए-५०४ कदम ताई: विधान खरं, बादली रिकामी.

ए-२०३ साळवी काका: वहिनी, मगाचं मागे घेतो. पुस्तकं ठेवा, रात्री मुलाला पाठवतो.

डी-१०४ देशपांडे वहिनी: बारावीचे दोन्ही भाग काढून ठेवलेत. अकरावीचं पण देते, पण त्यावर मोठ्या अक्षरात ‘जुने नंबर’ लिहून. आता रद्दीवाल्याला काय सांगू? त्याला पाच किलो सांगून बसलेय.