कागदी जहाज: बाहेरची पट्टी नाळेपाशी (पुढच्या टोकाला) 12 मिमी तोकडी पडतेय, मदत हवी आहे

छापून कापायच्या पीडीएफवरून मालवाहू जहाज करतेय. प्रमाण 1:250, लांबी साधारण 40 सेंमी. वॉटरलाइन मॉडेल आहे, म्हणजे पाण्याखालचा भाग नाहीच, तळाला सपाट पुठ्ठा. आधी दोन घरं आणि एक दीपगृह केलं होतं. जहाज पहिलंच.

सांगाडा झकास जमला. पानं साध्या कागदावर छापून 1 मिमी पुठ्ठ्यावर डकवली. मधला कणा आणि आडव्या फासळ्या खाचांत घट्ट बसल्या, डेकही बसला. मग आठवड्याभरानं 200 जीएसएमच्या जाडसर कागदावर जहाजाच्या बाजू झाकणाऱ्या बाहेरच्या पट्ट्या आणि ब्रिज (डेकवरची, जहाज चालवायची खोली) छापला. पट्ट्या प्रत्येक बाजूला दोन, जोड मध्यावर. उजवी बाजू मागून चिकटवत आले तर मध्यावरच 6 मिमी कमी. पुढचा तुकडा नुसता धरून पाहिला, तर नाळेपाशी 12 मिमी उघडं! नांगराचं भोक डेकवरच्या खुणेच्या बरंच मागे येतंय.

पांढऱ्या गोंदानं कागद आकसला असेल का? की पुठ्ठा जाड झाला म्हणून सांगाडाच फुगला? आणि जेवढं चिकटवलंय तेवढ्यात उपाशी बैलासारख्या फासळ्या दिसतायत, ते वेगळंच दुखणं.

प्रतिसाद १
गोंदावर आळ नको. कागद ओला झाला की फुगतो, वाळला की थोडा आकसतो, पण 12 मिमी नाही. शिवाय पुढचा तुकडा तुम्ही चिकटवलेलाच नाही, तोही तोकडा आहे. पट्टीची उंचीही कमी भरतेय का? लांबी-उंची एकाच प्रमाणात कमी असेल तर घोळ छपाईत. पानाच्या कोपऱ्यात मापाची रेघ असेल, ती सांगाड्याच्या पानावर आणि पट्टीच्या पानावर मोजून सांगा.

धागाकर्ती
मोजली. सांगाड्याच्या पानावर बरोबर 50 मिमी. पट्टीच्या पानावर 48.5! उंची 24 हवी, 23.3 भरते. मी दोन तास गोंदाला शिव्या घालत बसले होते.

प्रतिसाद १
3 टक्के. 400 मिमीचे 12 झालेच. दुसऱ्या वेळी प्रिंटरनं 'पानात बसवा' हा पर्याय आपणहून घेतला असणार. 'मूळ आकार' किंवा 100 टक्के निवडा, आणि कागदाचा आकार ए४ की लेटर तेही बघा. आधी एकच पान छापून रेघ मोजा, मगच बाकीची. चिकटलेली पट्टी ओढू नका, फासळ्या वाकतील. ब्लेडनं कापून काढा आणि कडा बारीक पॉलिशपेपरनं घासा.

प्रतिसाद २
फासळ्यांचं मी सांगतो, कारण माझी पहिली दोन जहाजं अशीच दुष्काळी होती. पट्टीला प्रत्येक फासळीवर गोंद लावू नका. वरची आणि खालची कड, नाळ आणि मागचं टोक, बस. फासळ्यांमधल्या रिकाम्या जागेत हलका फोम भरून घासून सपाट केला तर आणखी बरं. कागदाचा धागा, म्हणजे त्यातले तंतू कुठल्या दिशेनं आहेत, तेही पाहा: पान दोन्ही दिशांनी हलकेच वाकवा, ज्या दिशेनं सहज वळतं तीच घडी धाग्याला समांतर. पट्टीत धागा उभा, डेकपासून तळाकडे असावा, मग नाळेपाशी कागद तडकत नाही. वळण चिकटवण्याआधीच पेन्सिलीवर देऊन ठेवा. आणि प्रिंटर शाईचा असेल तर छापल्यावर मॅट वार्निशचा हलका फवारा मारून वाळू द्या, नाहीतर गोंदाच्या ओलीनं रंग पसरतो.

धागाकर्ती
शाईचाच आहे, आणि एका खिडकीचा निळा डाग आधीच पसरलाय. पण ब्रिजचं काय करू? तोही 3 टक्के लहान निघाला, आणि त्याच्या रेलिंगवर माझे दोन रविवार गेलेत.

प्रतिसाद २
राहू द्या. डेकवर छापलेल्या चौकटीत बसवला की भोवती बारीक रेघ उरेल, तिथे डेकच्याच रंगाचा ब्रश फिरवा. कापलेल्या पांढऱ्या कडाही त्याच वेळी रंगवून घ्या.

धागाकर्ती
नवं पान छापलं, रेघ 50 भरली. पट्टी अजून चिकटवली नाही. कपड्यांच्या चिमट्यांनी धरून पाहिली, नांगराचं भोक खुणेवर आलंय. उद्या डावी बाजू.