मदत हवी आहे : ऑसिलोस्कोपवर पीडब्ल्यूएम (रुंदी बदलत जाणारे पल्स) थांबतच नाही

भाऊ लोकहो, नागपूरच्या बर्डीवरून जुना २० मेगाहर्ट्झचा अ‍ॅनालॉग ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आकार स्क्रीनवर दाखवणारं यंत्र) घेतला, ऑटोसेट म्हणजे सेटिंग आपोआप लावणाऱ्या बटणवाला. ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचे ५० हर्ट्झ ५ मिलिसेकंद प्रति डिव्हिजनवर बरोब्बर चार घरांत एक सायकल दाखवतात, म्हणजे टाइमबेस (आडवी वेळेची मोजपट्टी) ठीक आहे. पण साइनवेव्ह इन्व्हर्टरच्या मॉसफेटच्या (स्विचिंग ट्रान्झिस्टरच्या) गेटवर प्रोब लावला की पल्स नुसते पळतात, ऑटोसेट दाबलं की स्कोप भलत्याच रेंजला जाऊन बसते, अन् ट्रिगर (चित्र कुठून सुरू करायचं ते ठरवणारी सेटिंग) ऑटोवरून नॉर्मलवर नेला तर स्क्रीनच कोरी, ट्रिगर लेव्हल फिरवली की चित्र क्षणभर दिसते अन् गायब. सोर्स चॅनल १, कपलिंग डीसी. (इन्व्हर्टर बॅटरीवर चालवतोय, त्याला मेन्स जोडला नाही, तेवढी अक्कल आहे.) पल्सची रुंदी सतत बदलते म्हणून असं होत असेल का? होल्डऑफ (पुढच्या ट्रिगरआधी थांबायचा वेळ) वाढवू, की इन्व्हर्टरचाच ५० हर्ट्झ सिंक एक्स्टर्नल ट्रिगरला देऊ?