मासळी बाजारात सोडू नका

ताई, तुमची पोस्ट वाचली. मुलाच्या दम्यामुळे मांजराचं पिल्लू दुसऱ्यांना द्यावं लागतंय, त्यात अपराधी वाटून घेऊ नका. पण वरच्या कमेंटमध्ये कुणीतरी 'मासळी बाजारात सोडा, खाऊन-पिऊन सुखी राहील' असं सुचवलंय, ते मुळीच ऐकू नका. तिथल्या बोक्यांनी आपापली हद्द आधीच वाटून घेतलेली असते. घरात वाढलेलं पिल्लू त्यांच्यापुढे काय टिकणार?

आणि हो, फोटोतलं पिल्लू तिरंगी आहे, तुम्ही 'बोका' लिहिलंय. तिरंगी मांजर जवळजवळ नेहमी मादीच असते! घेणाऱ्यांना तसं सांगा, पाच-सहा महिन्यांची झाली की नसबंदीचं बघावं लागेल.

जंताचं औषध आणि ट्रायकॅटचा (मांजरांच्या तीन आजारांवरची एकत्र लस) पहिला डोस (साधारण 8व्या आठवड्यापासून देतात) झाला असेल तर लसीकरणाची पुस्तिका सोबत द्या. रेबीजची लस 12 आठवड्यांनंतर.

घेणाऱ्यांचं घर मात्र स्वतः जाऊन बघा. मी बोरिवलीत एक पिल्लू दिलं तेव्हा सातव्या मजल्यावर नुसतं ग्रिल होतं. 'एवढं पुरे की,' म्हणाल्या काकू. ग्रिलमधून डोकं गेलं की मांजराचं अख्खं अंग जातं! जाळी लागेपर्यंत मी पिल्लू दिलं नाही. काकू रुसल्या, पण पंधरा दिवसांनी जाळीचा फोटो त्यांनीच पाठवला.

देताना तिच्या शी-शूच्या डब्यातली थोडी वापरलेली वाळू आणि तिचा रोजचा टॉवेल पण द्या. ओळखीच्या वासाने लवकर रुळेल.