पुढचे ब्रेक पॅड घरी बदलल्यावर डावे चाक अडकत फिरते आहे – मार्गदर्शन हवे

नमस्कार.

माझी नऊ वर्षे जुनी पेट्रोल हॅचबॅक आहे. पुढे डिस्क आणि मागे ड्रम ब्रेक. मी वाईला राहतो आणि कामानिमित्त आठवड्यातून तीनदा पाचगणीला जातो. परतताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये ठेवली तरी पसरणी घाटाच्या वळणांवर पुढच्या ब्रेकवरच बरीच भिस्त असते. गेल्या महिन्यात डावीकडून बारीक चिरका आवाज येऊ लागला. पॅड झिजत आले की त्यावरची पत्र्याची पट्टी डिस्कला घासून असाच आवाज करते, हे ठाऊक असल्यामुळे रविवारी दोन्ही बाजूंचे पॅड घरीच बदलायला घेतले.

हँडब्रेक मागच्या चाकांवरच चालत असल्याने तो ओढून शिवाय मागच्या चाकांना दगड लावले आणि नुसत्या जॅकवर न विसंबता गाडी स्टँडवर टेकवली. कॅलिपरचा, म्हणजे पॅड डिस्कवर दाबणाऱ्या भागाचा, खालचा बोल्ट काढून कॅलिपर वर फिरवला आणि होज पाइपवर ताण येऊ नये म्हणून तारेने स्प्रिंगला बांधून ठेवला. उजवीकडचे दोन्ही जुने पॅड जवळपास सारखेच, सुमारे ४ मिमी उरले होते. डावीकडे मात्र बाहेरच्या पॅडचे ६ मिमी शिल्लक आणि आतला, म्हणजे पॅड ढकलणाऱ्या पिस्टनच्या बाजूचा, जेमतेम २ मिमी.

डावीकडची खालची स्लाइड पिन (जिच्यावर कॅलिपर सरकतो ती) बाहेर काढायला बराच वेळ लागला. तिच्या रबरी बूटला चीर गेलेली होती, आतले ग्रीस वाळून काकवीच्या रंगाचे आणि चिकट झाले होते, आणि पिनेच्या टोकाकडे बोटभर भागावर गंजाचे खड्डे होते. पिन पुसून, ब्रेकसाठीचे सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवली. आता ती हाताने सरकते, पण खड्डे तसेच आहेत. उजवीकडचा पिस्टन सी-क्लॅम्पने सहज मागे गेला. डावीकडचा फार जोर लावल्यावर, तोही थांबत थांबत, मागे गेला.

पॅड बसवून, पेडल कडक लागेपर्यंत दाबून आणि ब्रेक ऑइलची पातळी पाहून मी सपाट रस्त्यावर सावकाश ८ किलोमीटर गाडी चालवली. परतल्यावर उजव्या चाकाची रिम कोमट होती. डाव्या रिमवर मात्र हात ठेववत नव्हता. चाक उचलून हाताने फिरवले तर उजवे हलके घासत दीड फेरी घेते, डावे अर्ध्या फेरीतच थांबते. ओळखीचे एक मेकॅनिक म्हणाले की पॅड नवे आहेत, शंभर किलोमीटर चालवा, बसतील. मला ते पटत नाही, कारण उजवीकडचे पॅडही त्याच दिवशी, त्याच खोक्यातून बसवले आहेत.

माझ्या समजुतीप्रमाणे तीन शक्यता उरतात: गंजलेल्या पिनेमुळे कॅलिपर नीट सरकत नसावा, पिस्टनवर गंज चढल्याने किंवा सील कडक झाल्याने ब्रेक सोडल्यावर पिस्टन मागे येत नसावा, किंवा रबरी होज आतून फुगून ब्रेक ऑइल परत जाऊ देत नसावा. ब्रेक ऑइल चार वर्षांत बदललेले नाही आणि ते हवेतला ओलावा शोषते, म्हणून पिस्टनवर माझा संशय अधिक आहे.

जाणकारांना विचारायचे आहे ते असे. पेडल दाबून सोडल्यावर चाक अडकलेले असताना ब्लीडर निपल (कॅलिपरमधले ब्रेक ऑइल बाहेर सोडायचा स्क्रू) किंचित सैल करावे, आणि चाक लगेच मोकळे झाले तर दोष होजमध्ये व तसेच अडकलेले राहिले तर पिस्टन किंवा पिनेत आहे असे धरावे, ही तपासणी खात्रीची आहे का? खड्डे पडलेली पिन बारीक पॉलिश पेपरने घासून वापरणाऱ्यांचा अनुभव काय, की नवी पिन आणि बूटच घ्यावेत? आणि पिस्टन गंजलेला निघाला तर सील किट घालून तोच कॅलिपर वापरावा, की घाटात नेहमीची ये-जा असणाऱ्याने सरळ नवा कॅलिपर बसवावा?

तोवर गाडी दारातच उभी ठेवली आहे आणि पाचगणीला एसटीने जातो आहे. शनिवारी पुन्हा चाक उघडणार आहे. त्याआधी कोणी स्वतःच्या हाताने केलेल्या कामाचा अनुभव सांगितला तर फार उपकार होतील.